बिजलीघराच्या लक्ष्मीची पाठवणी

चिंचगुड्याच्या बिजलीघरात कोळसा निवडायला बसणाऱ्या बायांचा एक नेम होता. खाणीतून आलेला कोळसा पट्ट्यावरून हळूहळू पुढे सरकायचा. दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया त्यातले दगड, मातीची ढेकळं, पाटीच्या तुकड्यांसारख्या चिपा उचलून मागे टाकायच्या. पण मधूनच एखादा तुकडा असा यायचा, की त्याच्या अंगावर पिवळंधमक सोनं चमकायचं. कधी नुसती रेघ, कधी लिंबाएवढा गोळाच. असा दगड हाती आला की बाई तो कपाळाला लावायची आणि परत पट्ट्यावर ठेवायची. मागे टाकायची नाही. ती लक्ष्मी. लक्ष्मी कोणी बाहेर फेकतं का? ती भट्टीत जाणार, तिची बिजली होणार आणि चांद्याच्या पेठेत दिवे लागणार.

हा नेम चंदाबाईनं घालून दिला होता. चंदाबाई या बायांची मुकादमीण. बिजलीघराची चिमणी उभी राहिली त्या दिवसापासून ती तिथं होती, आणि चिमणी आपल्याला विचारूनच उभी केली असं तिच्या चालण्यावरून वाटायचं. एकदा एक बाई पिवळा दगड चांद्याच्या सोनाराला दाखवून आली. सोनार पोट धरून हसला. चंदाबाई म्हणाली, "हसू दे त्याले. शेंदूर फासायच्या आधी देव बी दगडच असते." विषय तिथंच मिटला. उलट त्यानंतर प्रत्येकीनं एकेक चमकता दगड घरी नेला आणि देवाच्या कोनाड्यात लाल खणावर ठेवला. दसऱ्याला बिजलीघरात यंत्रांची पूजा व्हायची. तेव्हा वर्षातला सगळ्यात मोठा पिवळा दगड चंदाबाई स्वतःच्या हातानं भट्टीत सोडायची, आणि मग सगळ्यांना गूळ-खोबरं मिळायचं.

गोकुळा याच बायांतली. सावली गावाकडची, वैनगंगेच्या काठावर मासे धरणाऱ्या ढिवराची पोर. लग्न होऊन ती इकडे वर्धा नदीच्या बाजूला आली, पण नदीवर नाही, बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर. तिचा नवरा इस्तारी बोडीत मासे धरायचा आणि शिंगाड्याचा वेल लावायचा. पहिल्या वर्षी गोकुळाला ती बोडी म्हणजे डबकं वाटलं. मग आषाढात ती इस्तारीबरोबर छातीभर पाण्यात उतरली, पायाच्या अंगठ्यानं वेलाची मुळी गाळात दाबायला शिकली. भादव्यात पाण्यावर पांढरी फुलं उघडलेली तिनं पाहिली. कार्तिकात हिरव्या-लाल शिंगाड्यांनी डोंगा भरला, तेव्हा ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, आता मले नदीची सय येत नाई."

सासू मैनाबाई म्हणाली, "येईन कशी? नदीत पीक येते का?"

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरायची. वाळवलेल्या शिंगाड्यांचं पीठ घेऊन गोकुळा दरसाल जायची. उपासाचा दिवस, आणि तिचं पीठ दुधासारखं पांढरं. पोतं बघता बघता रिकामं व्हायचं. माहेरची माणसं तिला तिथंच भेटायची. भाऊ लटारू, वहिनी, भाचरं. वर्षातून एकदा ती त्यांच्यासमोर भरल्या पोत्यामागे बसायची, आणि आपल्याला दिलं ते घर बरं आहे हे तिला तोंडानं सांगावं लागायचं नाही.

बिजलीघर आलं तेव्हा गोकुळा खूशच होती. घराजवळ रोजचं काम मिळालं. बोडी बिजलीघराच्या खालच्या अंगाला. मध्ये एक बांध आणि ऐनाची थोडी झाडं. पावसाळ्यात धूर कुठच्या कुठं उडून जायचा. पण दसरा उलटून हवा थंड झाली की सकाळी तो वर चढायचाच नाही. चिमणीतून निघायचा आणि घोंगडी अंथरल्यासारखा बोडीवर पसरायचा. घसा खवखवायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, मैनाबाईचा खोकला थांबायचा नाही. शिंगाड्याच्या पानांना कडेनं तांबडे डाग पडायला लागले. पहिल्या हिवाळ्यात नुसते डागच होते. दुसऱ्या हिवाळ्यात पानं भाजल्यासारखी करपली आणि जे शिंगाडे धरले ते आतून पोकळ निघाले. त्या शिवरात्रीला गोकुळा मार्कंड्याला गेली ती एका गाठोड्यात मावेल एवढं पीठ घेऊन. वहिनीनं ते गाठोडं हातात तोललं.

"काय वो नणंदबाई, औंदा महादेवाले फराळ देता का नुसता वास?"

गोकुळा हसली. पण ते हसू परतीच्या बैलगाडीत तिच्या तोंडात तसंच राहिलं. थुंकता येईना आणि गिळताही येईना.

घरी आल्यावर इस्तारी जाळं शिवत बसला होता. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. मान वर न करता तो म्हणाला, "पुढच्या साली बी येल जयला, त मी खाणीत नाव घालतो."

त्याचा थोरला भाऊ आधीच खाणीत गेला होता. पहाटे जमिनीत उतरायचा, अंधार पडल्यावर वर यायचा. सुटीच्या दिवशी अंगणात बसला की ऊन नवीनच पाहिल्यासारखा डोळे मिचकावायचा. इस्तारी पाण्याचा माणूस. पाण्यावर ढग आला तरी तो वर न पाहता ओळखायचा. त्याला जमिनीखाली पाठवायचं म्हणजे मासोळीला कोठीत ठेवायचं, असं गोकुळाला वाटलं. आणि बोडीचंही होतंच. पडीक टाकलेली बोडी समाजाचे पंच दुसऱ्या घराला देत, अशी ढिवरांची रीत. एकदा हातची गेली की गेली.

"एक साल पाहा," ती म्हणाली.

"पाहतो ना. येल त लावतोच हाय. पण पान करपलं का मंग मले अडवू नोको."

"नाई अडवत."

त्या वर्षी आषाढात दोघांनी वेल लावला. श्रावणात एक दिवस गोकुळा देवाचा कोनाडा पुसायला बसली. लक्ष्मी उचलली तर तिच्याबरोबर खणाचा लगदा वर आला. खणाला मधोमध भोक. दगडाच्या अंगावर मिठासारखी पांढरी-हिरवी बुरशी चढलेली, आणि खाली ठेवलेल्या पितळेच्या ताटलीवर काळा चट्टा. तिनं दगड नाकाशी नेला. घशात काहीतरी टोचलं.

लक्ष्मी रुसली. आपल्याच हातून काही चुकलं असणार. आंघोळीआधी शिवलो असू, नाहीतर दिवा लावायचा राहिला असेल. तिनं फाटका खण लुगड्यांच्या तळाशी दडवला, नवा खण ठेवला आणि कोणाला काही सांगितलं नाही. पोळ्याला पाहिलं, तर नवाही खाल्लेला.

भादव्यात बिजलीघरात नागपूरहून एक रसायनवाले साहेब आले. वझलवार त्यांचं नाव. वयानं लहान, अंगानं बारीक, आणि धुळीत फिरताना सदरा मळू नये म्हणून दोन्ही हात अंगापासून लांब धरून चालायचे. ते पट्ट्यापाशी आले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी एक पिवळा दगड उचलला.

"बाई, हे का काढत नाही तुम्ही?"

"काढतो ना साहेब," चंदाबाई म्हणाली.

"आत्ता तुमच्यासमोरून तीन गेले."

"व्हय का? डोये अधू झाले साहेब."

बाया पदराआड हसल्या. वझलवार चिडले नाहीत. त्यांनी कोळशाच्या ढिगावरच बूड टेकलं आणि समजावून सांगू लागले. "बोडीवर उतरणारा तो धूर आहे ना, घशाला लागणारा, तो यामुळं. हा जेवढा भट्टीत कमी जाईल तेवढा धूर कमी झोंबेल. विलायतेत तर एका बिजलीघरात धूर पाण्यानं आणि खडूनं धुऊन मग सोडतात."

"धूर धुतात?" मंगली ओरडली. मंगली जंगलाकडच्या गोंडांच्या वस्तीवरून यायची, आणि तोंडाला कधी गाळणी लावायची नाही. "मंग वायत कुठी घालतात थो?"

आता मात्र पट्ट्यावरच्या सगळ्या बाया मोठ्यानं हसल्या. वझलवारही हसले. पण गोकुळा हसली नाही. ती म्हणाली, "साहेब, यात हाय तरी काय?"

"लोखंड आणि गंधक. जळला की गंधक धुरात जातो. आणि नुसता ओलीत ठेवला, तरी त्याचं तेजाब होतं."

"तेजाब म्हंजे?"

"जे कापड खातं, धातू खातं. हाताला लागलं तर कातडी भाजतं."

"ओलीत ठेवला त?"

"हो. पावसाळ्यात तर हमखास."

साहेब पुढे गेले. गोकुळाच्या हातात एक दगड होता तो तिनं पुढे ठेवलाही नाही आणि मागे टाकलाही नाही. पट्टा चालत राहिला.

त्या संध्याकाळी तिनं कोनाड्यातली लक्ष्मी काढली, पाट्यावर फोडली आणि एक तुकडा चुलीत टाकला. थोडा वेळ काही झालं नाही. मग निळसर ज्योत उठली आणि घर वासानं भरलं.

"काय जायलं वो?" मैनाबाई खोकत बाहेर पळाली. "बिजलीघर घरात आणलं का?"

इस्तारी दारात उभा होता. तो फक्त म्हणाला, "हा त बोडीवरचा वास."

गोकुळा चुलीपुढं बसून राहिली. दोन वर्षं ती आपल्या हातानं जो दगड कपाळाला लावून पुढे पाठवत होती, तो चिमणीतून निघून तिच्याच बोडीत उतरत होता. तिला रडू आलं नाही. उलट बरंच वाटलं. ज्याचं नावच ठाऊक नाही त्याच्याशी भांडता येत नाही. आता नाव कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर पहिली लक्ष्मी आली आणि गोकुळानं ती उचलून मागे दगडांत टाकली. चंदाबाईचे अधू डोळे लगेच तिकडे गेले. ती उठली, कचऱ्यातून दगड काढला, पदरानं पुसला आणि परत पट्ट्यावर ठेवला.

"कोन्या साहेबाचं आयकून लक्ष्मीले कचऱ्यात टाकतं? तुह्या बोडीचा येल करपला म्हनून आमच्या दिव्याले फुंकर मारतं का?"

"बाई, त्यात गंधक हाय."

"तुह्या डोक्यात हाय गंधक. उद्या मोठा साहेब म्हनन का तुहा नवराच खराब हाय, त टाकशील का मागं?"

यावर बाया हसल्या. गोकुळाच्या जिभेवर खणाची गोष्ट आली होती, पण ती ओठाबाहेर पडेना. सगळ्यांसमोर कसं सांगायचं, की लक्ष्मी माझ्या घरी रुसली? साहेबाचं म्हणणं तिला पटलं होतं, तरी ती शरम अजून गेलेली नव्हती. त्या दिवसापासून तिच्या शेजारची बाई बसताना वीतभर लांब सरकली. गोकुळा आपल्यापुढचे पिवळे दगड मागे टाकत राहिली आणि चंदाबाई ते उचलून पुढे ठेवत राहिली.

पितृपक्ष संपता संपता पानांवर पहिले डाग दिसले. त्या वर्षी थंडी लवकर आली होती. इस्तारीनं एक पान तोडून आणलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि आंघोळीला गेला. दोन दिवसांनी तो खाणीवर जाऊन नाव घालून आला. दिवाळी झाल्यावर पहिल्या सोमवारपासून कामावर यायचं, असं ठरलं होतं.

गोकुळानं ते पान उचललं आणि त्या फाटक्या खणांबरोबर ठेवलं.

दसऱ्याला बिजलीघरातल्या यंत्रांना झेंडूच्या माळा चढल्या. पट्टा बंद होता. भट्टीपुढं रांगोळी, बाजूला निखाऱ्यांवर ऊद. भट्टीवरचा बिरजू आंघोळ करून, नवा गमछा बांधून उभा होता. एरवी कोळशानं माखलेला बिरजू आज ओळखू येत नव्हता. वझलवार साहेब कडेला उभे होते. आणि चंदाबाई नारळाएवढी लक्ष्मी ताटात घेऊन पुढे आली. दगड खरोखर देखणा होता. निखाऱ्यांचा उजेड पडला की पेटल्यासारखा दिसायचा.

बिरजूनं भट्टीचं दार उघडलं.

"बाई, थांबा," गोकुळा म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. चंदाबाईच्या कपाळाला आठी पडली. "सणाच्या दिवशी बी तुहं सुरूच काय वो?"

"सोडा भट्टीत. मी अडवत नाई. आधी एकच सांगा. तुमच्या घरच्या लक्ष्मीखालचा खन साबूत हाय का?"

निखाऱ्यावर ऊद तडतडला. गोकुळानं पदराखालून दोन्ही खण काढले आणि हातावर पसरले. भोकांतून तिची बोटं दिसत होती.

"हा माहा. श्रावनातला. हा पोयातला. मले वाटलं लक्ष्मी माह्यावरच रुसली. शरमेनं दडवून ठेवले. आता तुमीच पाहा, आन् हसा लागत असन त हसा."

कोणी हसलं नाही. मग मागून मंगलीचा आवाज आला. "मी त देवात ठेवलीच नाई बाप्पा. तांदयाच्या टोपलीवर ठेवली, भरभराट होईन म्हनून. टोपलीच खाल्ली तिनं! मी उंदरावर घेतलं. उंदरासाठी मांजर आणली, थे मांजर आता दूध पिऊन राह्यली!"

"माहा बी खन गेला," वीतभर लांब सरकलेली शेजारीण हळूच म्हणाली. "मी म्हटलं, सासूनं काई केलं असन."

"तुहा बी?"

"अवं माय, माहा त ताटलीसकट!"

एकीमागून एक बाया बोलायला लागल्या. प्रत्येकीनं खण दडवला होता, प्रत्येकीला वाटलं होतं की आपल्याच घरावर कोप झाला. एकीनं तर सोमवार धरले होते. बोलता बोलता त्यांना हसू यायला लागलं. भीती सरल्यावर येतं तसलं हसू, आवरत नाही ते. बिरजू भट्टीचं दार उघडं टाकून ऐकत उभा होता. तो म्हणाला, "अरे बाई, ये सोना नहीं, मेरी कमर का दुश्मन है! याच्यानंच जाळीवर राख पिघळून पत्थर बनते. रोज लोखंडी सळईनं फोडता फोडता माझी पाठ मोडून राह्यली. तुम्ही देवी म्हणता म्हणून मी गप्प."

राहिली चंदाबाई. ती ताट धरून तशीच उभी होती. तिनं हातातल्या दगडाकडे पाहिलं, मग गोकुळाच्या हातातल्या खणांकडे.

"माह्या घरी त आता खनच उरले नाईत," ती म्हणाली. "पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले बी तिनं खाल्ले."

वझलवार साहेबांना काही कळेना. ते बिरजूला विचारू लागले, या रडताहेत की हसताहेत? बिरजू म्हणाला, "दोनो, साहब."

पण चंदाबाई चंदाबाईच होती. तिनं ताट खाली ठेवलं नाही. "मान्य हाय. भट्टीत नाई टाकत. पण मी तिले कचऱ्यात बी नाई फेकनार. जिले कपायाले लावलं तिले पायदळी तुडवू का?"

याचं उत्तर गोकुळानं आधीच मनाशी घोळवून ठेवलं होतं. पंधरा दिवस वीतभर अंतरावर एकटं बसल्यावर माणसाला विचार करायला वेळ मिळतो. "फेकायची कायले बाई? तिचं माहेर कुठी हाय? जमिनीत. आपन तिले वर काढली, ना ओटी भरली ना विचारलं. रुसन नाई त काय करन? तिले माहेरी पाठवू."

चंदाबाईनं ताट एका हातावर घेऊन दुसऱ्या हातानं लुगड्याचा पदर नीट केला. "पाठवनी रिकाम्या हातानं होत नाई. कुकू आना वो."

अशी त्या दसऱ्याला लक्ष्मी भट्टीत न जाता, कुंकू लावून, ताटातच बैलगाडीची वाट पाहत बसली. दुसऱ्या दिवसापासून बायांनी पट्ट्यावरची तर काढलीच, पण आवारात साठलेला कोळशाचा ढीगही उपसला. पिवळ्या दगडांसाठी वेगळी टोपली आली. मागे कचऱ्यात फेकायची नाही, टोपलीत हातानं ठेवायची.

टोपल्या साठल्या तेव्हा आवारावर देखरेख करणारा कंत्राटदाराचा माणूस गाडी घेऊन आला. जवळची जागा म्हणजे बोडीचा बांध. त्यानं गाडी तिकडेच वळवली. गोकुळा पट्ट्यावरून उठली, धावली आणि बैलांपुढं उभी राहिली.

"इथी नाई."

"अवो बाई, दगडंच हायत."

"ज्यानं माहे खन खाल्ले थे माही मासोयी सोडन का? पाऊस पडला का सारं तेजाब बोडीत."

तो माणूस चिडून वझलवारांना घेऊन आला. वझलवारांनी गाडीकडं पाहिलं, बांधाकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "बरोबर आहे. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं." त्यांनी खाणीवर खटपट करून जुनी, बंद पडलेली, कोरडी खदान मागून घेतली. तिथं दगडाचा एक थर आणि चुन्याचा एक थर, अशी सोय झाली. चुन्यानं तेजाब मरतं, असं त्यांनी बायांना सांगितलं.

"पाठवनीले पान-चुना लागतोच," चंदाबाई म्हणाली. पहिल्या गाडीबरोबर ती स्वतः गेली. मंगलीनं दगडांवर मोहाची दारू शिंपडली. हे चंदाबाईला आवडलं नाही, पण मंगली म्हणाली, "आमच्याकडं पाव्हन्याले असंच पाठवतात," तेव्हा ती बाजूला सरकली.

सगळा गंधक काही गेला नाही. तो कोळशाच्या अंगातही मुरलेला असतो, तो हातानं निघत नाही, हे वझलवारांनी आधीच सांगितलं होतं. धूर होताच. पण दिवाळीच्या सुमाराला सकाळी तो बोडीवर उतरला तेव्हा मैनाबाई अंगणात बसून दात घासत होती आणि तिला उठून आत जावं लागलं नाही. भट्टीवर बिरजू गाणी म्हणू लागला. आधी तो कधी गात नसे, निदान कोणी ऐकलं नव्हतं.

दिवाळी झाली. रविवारी इस्तारीनं मात्र खाणीत न्यायचा डबा घासून ठेवला. गोकुळानं पाहिलं. "मले अडवू नोको" म्हणाला होता, आणि तिनं शब्द दिला होता. सोमवारी पहाटे तिनं भाकर बांधून दिली, वर ठेचा दिला, आणि तो निघाल्यावर आपण पट्ट्यावर जाऊन बसली. त्या दिवशी तिनं नेहमीपेक्षा जास्त दगड काढले. चंदाबाई एकदा म्हणाली, "हळू वो, बोटं तुटतीन."

दुपारी मंगली पाणी प्यायला बाहेर गेली आणि परत येता येता दारातूनच ओरडली, "गोकुळे, तुहा नवरा आज खाणीत जानार होता ना?"

"गेला."

"मंग बोडीत कोन उतरलं? भूत?"

बाया दाराकडे धावल्या. गोकुळा नाही धावली. पट्टा चालू होता, समोरून कोळसा येत होता, आणि त्यात एक पिवळा दगड होता. तिनं तो उचलून टोपलीत ठेवला. मग पुढचा. घंटा होईपर्यंत ती उठली नाही. पण शेजारणीनं नंतर सगळ्यांना सांगितलं, की ती सारा वेळ ओठ चावून हसत होती.

सुटल्यावर ती बांधावर गेली. खाणीचा डबा बांधावर, रिकामा. इस्तारी कमरेभर पाण्यात उभा होता. त्यानं वेलाचा एक गोल हातावर उलथून धरला. बाहेरची पानं तांबडी, कडा करपलेल्या. पण मधोमध नव्या पानांचा पुंजका आला होता. हिरवागार, कडेला एक डाग नाही. आणि खाली, पाण्यात, दोन शिंगांचे कोवळे शिंगाडे लटकत होते. इस्तारीनं एक तोडला, सालीला नख लावलं आणि अर्धा दातांनी तोडून अर्धा तिच्याकडे धरला.

"भरला हाय," तो म्हणाला.

"खाणवाले काय म्हनतीन?"

"म्हनतीन, आला नाई. दुसरं काय?"

त्यानंतर कितीतरी वर्षं गोकुळा त्या पट्ट्यावर बसली. चंदाबाईचे डोळे खरोखरच अधू झाले तेव्हा मुकादमी गोकुळाकडे आली. नवी बाई कामाला आली की ती तिच्या हातात पहिला पिवळा दगड ठेवायची आणि म्हणायची, "कपायाले लावायचा असन त लाव. पन टोपलीत ठेव." दसऱ्याला भट्टीत आता नुसता नारळ जायचा.

पण त्या साली, महाशिवरात्रीला, मार्कंड्याला जाताना बैलगाडीत पोत्यांना जागा पुरेना. इस्तारी पायी चालला. नदीच्या वाळवंटात गोकुळानं आपलं दुकान मांडलं. पीठ पांढरंशुभ्र, हात लावला की बोटांवर बसणारं. लटारू आणि वहिनी दुपारी आले. वहिनीनं आल्या आल्या सवयीनं एका पोत्याला हात घातला, उचलायला गेली, आणि पोतं जागचं हललं नाही.

"बाप्पा! काय भरलं वो नणंदबाई? दगडं?"

"दगड नाईत वयनी. दगड माहेरी पाठवले."

"दगडाले माहेर?" वहिनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "उपासानं डोकं फिरलं का तुहं?"

गोकुळानं पोत्याशेजारची जागा पदरानं झाडली.

"बस इथी. सांगतो."